मागल्या दारचे पेशंट

“दोरीला वजन नाही असं धर,” तात्या म्हणाले.

“वजन नसलेली दोरी कुठल्या बाजारात मिळते?”

“माला, चेष्टा पुरे. दोरीला वजन नाही, कप्पी गुळगुळीत. एका टोकाला चार किलो, दुसऱ्या टोकाला सहा. सोडून दिलं तर त्वरण किती?”

मी आमच्या परसातल्या विहिरीची कप्पी डोळ्यांसमोर आणली. ती इतकी किंचाळायची, की नांदवडेकरांनी पाणी शेंदायला घेतलं हे सगळ्या आळीला कळायचं. तिच्यातलं घर्षण काढलं तर मागं काय उरणार, हेच मला समजेना. पण परीक्षा तीन आठवड्यांवर आली होती आणि परीक्षेत आमची विहीर येणार नव्हती.

“दोन,” मी म्हटलं.

“दोन काय? आंबे? एकक?”

“मीटर प्रति सेकंद वर्ग.”

“हां.” तात्यांनी पेन्सिल कानावर ठेवली. हे त्यांचं शाब्बास.

तात्या म्हणजे माझे सासरे. आमच्या गावच्या, बोरजाईच्या हायस्कुलात गणित शिकवून निवृत्त झालेले. मी त्याच हायस्कुलात भूगोल शिकवत होते. खारे वारे, मतलई वारे, दख्खनचं पठार, आणि दरवर्षी त्याच नकाशात तीच नदी निळ्या पेन्सिलीनं. वय एकतीस. बारावीला सायन्स होतं, गुण जेमतेम पन्नास टक्के पडले होते, आणि डॉक्टरकी तेव्हा माझ्या स्वप्नातही नव्हती. बी.ए., बी.एड. करून मोकळी झाले होते. आता त्या बारावीच्या जोरावर मेडिकलच्या प्रवेश परीक्षेला बसणार होते.

गावात हसायला लोक होतेच. गडहिंग्लजच्या क्लासला पहिल्या दिवशी मी वर्गात पाऊल टाकलं, तर अर्धा वर्ग ‘नमस्ते बाई’ करत उठून उभा राहिला. सगळी माझ्याच हाताखालून दहावी झालेली पोरं. तेवढ्यात माझ्या मागून क्लासचे सर आले. पोरं आपल्यासाठी उभी आहेत असं वाटून ते खूश झाले आणि म्हणाले, “बसा, बसा.” त्या ‘बसा’वर मीही बसले. त्या दिवसापासून मी तिसऱ्या बाकावरची विद्यार्थिनी होते.

हे खूळ माझ्या डोक्यात कसं शिरलं, ते कळायला आमचं घर कळायला हवं. घराची पुढची खोली म्हणजे दवाखाना. माझ्या नवऱ्याचा, डॉक्टर प्रताप नांदवडेकरांचा. खोलीच्या आतल्या दाराला हिरवा पडदा. पडद्याच्या अलीकडं माजघर, मग स्वयंपाकघर, मग मागलं दार आणि परस. पुरुष, पोरं, म्हातारीकोतारी पुढून यायची. बायकाही खोकला-पडशासाठी पुढूनच यायच्या. पण जे पुरुषासमोर बोलता येत नाही, ते घेऊन त्या मागल्या दारानं माझ्याकडं यायच्या. लग्न होऊन आले तेव्हापासून गाव मला ‘डॉक्टरीणबाई’ म्हणत होतं. आमच्याकडं डॉक्टरशी लग्न लागलं की ही पदवी आपोआप मिळते, तिला परीक्षा नसते.

मी ऐकून घ्यायचे आणि पडद्यापाशी जायचे. पुढं बाकावर माणसं बसलेली असायची, म्हणून पडद्याआड अर्धी उभी राहून, नजर जमिनीकडं ठेवून हळूच सांगायचे, “अहो, अंगावरून पांढरं जातंय, महिना झाला.” ते कुणाच्या तरी दंडाला बीपीचा पट्टा बांधत असायचे. माझ्याकडं न बघताच विचारायचे, “खाज?” मी परत मागं जायचे, विचारून यायचे. एकेका बाईपायी तीन-तीन, चार-चार खेपा. शेवटी गोळ्यांची पुडी घेऊन जायचे.

सात वर्षांचा आमचा संसार या खेपांत झाला. नवरा-बायकोनं एकमेकांशी जे बोलायचं असतं, ते आम्ही बहुतेक असंच बोललो, दुसऱ्यांच्या ओटीपोटाबद्दल आणि चुकलेल्या पाळीबद्दल. आणि खरं सांगते, एवढं सुख मला दुसऱ्या कशात मिळालं नाही. पुढं पुढं मी प्रश्न आधीच विचारून जायला लागले. ते “ताप?” म्हणायच्या आत मी “ताप नाही” म्हणायचे. मग ते पडद्याकडं न बघता गालातल्या गालात हसायचे. त्या हसण्यासाठी मी त्यांचे सगळे प्रश्न पाठ केले.

मग एके दिवशी व्हिजिटहून परत येताना घाटात त्यांची मोटरसायकल घसरली आणि ते गेले. त्याला दोन वर्षं होत आली होती.

बायका मागल्या दारानं येतच राहिल्या. आधी भेटायला म्हणून, मग सवयीनं. मी सगळं विचारायचे, ओळीनं, एकही प्रश्न न गाळता. आणि मग पुढं सांगायला कुणी नसायचं. “गडहिंग्लजला दाखवा,” एवढंच म्हणायचे. त्या “व्हय” म्हणायच्या आणि जायच्या नाहीत. एकदा अशीच एक बाई उठून गेल्यावर मी तात्यांना म्हटलं, “प्रश्न मला येतात. उत्तरं यायला किती वर्षं लागतील?” तात्या हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी कुठून तरी बारावीची फिजिक्सची पुस्तकं आणली आणि म्हणाले, “खोली तुझ्यासाठी ठेवू. साडेपाच वर्षं काय, बघता बघता जातील.”

तेव्हापासून ते रोज सकाळी दवाखान्याचं कुलूप काढायचे, झाडायचे, टेबल-खुर्ची पुसायचे, उदबत्ती लावायचे आणि परत कुलूप घालायचे. त्या खुर्चीत दोन वर्षांत कुणी बसलं नव्हतं. परीक्षा, कॉलेज, डिग्री, मग ती खोली आणि ती खुर्ची, अशी माझी सरळ वाट ठरलेली होती. रात्रीबेरात्री मन खचलं की मी त्या वाटेच्या टोकाकडं बघायचे.

तर तो बुधवार होता, बाजाराचा दिवस. दुसरी कप्पी सुरू होणार एवढ्यात आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, पदराला हात पुसत बाहेर आल्या.

“आता एक डॉक्टरीण येणार हाय,” त्या म्हणाल्या. “खोली बघायला. पट्टणशेट्टींची गिरिजा. बेळगावात शिकून आलीया.”

तात्यांनी कानावरची पेन्सिल काढली. “कुणी बोलावलं?”

“मी.”

“मला न विचारता?”

“विचारलं असतं तर तुम्ही न्हाई म्हटला असता. मग विचारायचं कशाला?”

“खोली मालासाठी ठेवलीय.”

“व्हय, ठेवलीया. आणि तवर गावानं आजारी पडायचं न्हाई? बाळंतपणं थांबवून धरायची? परवा त्या सुताराच्या पोराला ताप डोक्यात गेला, तर रिक्षा मिळंपर्यंत आईनं त्याला काखंत घेऊन वेशीपर्यंत पळत नेलं. आपल्या दारावरनं पळाली ती. कुलपावरनं.”

आत्याबाई माझ्याकडं वळल्या. “तू सांग गं. तुझ्या मनात काय हाय?”

माझ्या मनात ‘नाही’ होतं. ठणकावून, ओरडून सांगावं असं ‘नाही’. ती खोली गेली तर मी त्या वजन नसलेल्या दोऱ्या कशासाठी ओढत होते, हेच मला सांगता आलं नसतं. पण सुताराच्या पोराचं ऐकल्यावर ते तोंडातून निघेना. मी पुस्तक उचललं आणि स्वयंपाकघरात जाऊन बसले.

गिरिजा स्कूटीवरून आली. खिडकीतून ओझरती दिसली, पंचविशीची, बारीक अंगाची, तोंडाला बांधलेला रुमाल सोडत असलेली. तात्यांनी कुलूप काढल्याचा आवाज आला. “ही खोली,” एवढंच ते म्हणाले आणि बाहेर कट्ट्यावर जाऊन बसले. आत्याबाईंनी चहाचं आधण ठेवलं. मी पुस्तकात डोकं घातलं. अक्षरं दिसत होती, आत काही शिरत नव्हतं.

तेवढ्यात मागल्या दाराची कडी वाजली.

“डॉक्टरीणबाई, हाय काय घरात?”

बाळाक्का होती. दर बाजारी मिरच्या घेऊन येणारी, वाडीवरची. बरोबर तिची सून, रत्ना. रत्नाला मी तिच्या लग्नात पाहिलं होतं. आता पोट दिसत होतं आणि ओठ कोरडे पडले होते. दाराच्या चौकटीला धरून ती उभी होती.

“ये, बस,” मी पाट पुढं केला. “काय होतंय?”

“सांग की गं,” बाळाक्का म्हणाली. “बाईंच्यापुढं कसली लाज?”

रत्ना पाटावर बसली आणि पदराचं टोक पिळत राहिली. सासूच बोलली. “लघवीला लई आग हुतीया म्हणती. चार दिस झालं. मी धन्याचं पाणी दिलं, सब्जा दिला. उतार न्हाई.”

“कितवा महिना?”

“पाचवा लागलाय.”

“ताप येतो का रत्ना?”

“व्हय.”

“थंडी वाजून?”

“व्हय. रातच्याला.”

“बाळ हलतंय ना?”

तिनं मान हलवली. “सकाळी बी हाललं.”

“उलटी?”

“काल दोनदा.”

मी तिला पाठमोरी बसवलं. बरगडीच्या खाली, कमरेच्या वर, डाव्या बाजूला मूठ हलकेच आपटली. काही नाही. उजव्या बाजूला आपटली तशी ती “आई गं” करून वाकली. हे मला त्यांनीच शिकवलं होतं, एकदा स्वयंपाकघरात माझ्याच पाठीवर मूठ ठेवून. “इथं कळवळली तर लगेच मला येऊन सांग,” असं म्हणाले होते.

आणि नेमकी तेव्हाच पुढच्या खोलीत खुर्ची कुरकुरली.

ती फिरती खुर्ची होती. तिच्यात कुणी बसलं की आधी एक लांब कुर्र, मग मागं टेकलं की एक आखूड. तेल घाला म्हणून मी सात वर्षं मागं लागले होते. दोन वर्षांत तो आवाज मी ऐकला नव्हता. पंख्याची घरघरही येत होती. उदबत्तीचा वास होता. चहाचं आधण उकळत होतं.

“बसा हं, आले,” मी बाळाक्काला म्हटलं आणि उठले.

स्वयंपाकघरातून माजघरात, माजघरातून पडद्यापाशी. पडद्याची डावी कड हातात धरली, अर्धी आड उभी राहिले, नजर फरशीवर.

“अहो,” मी म्हटलं, “पाचवा महिना आहे. चार दिवस लघवीला आग.”

“ताप?”

“आहे. रात्री थंडी वाजून येतो.”

“कंबर?”

“उजवीकडं दुखतेय. मूठ लावली तर कळवळली.”

“उलट्या?”

“काल दोनदा झाल्या. बाळ हलतंय, सकाळी पण हललं.”

तो आवाज बाईचा होता, हे मला कळलं नाही असं मी म्हणणार नाही. कळलं असणार. कानांना कळलं असणार. पण प्रश्न त्याच ओळीनं येत होते, एकामागं एक, तेवढाच श्वास मध्ये सोडून. आणि शेवटचं तर विचारायच्या आधीच मी सांगून टाकलं होतं. मी त्या हसण्याची वाट बघत होते.

“मग त्यांना मागं कशाला ठेवलंय?” आवाज म्हणाला. “इथंच आणा की.”

त्या खोलीत इतकी वर्षं इतकं बोलणं झालं, पण हे वाक्य कधी झालं नव्हतं. ते हे म्हणूच शकले नसते.

मी मान वर केली. टेबलावर कोपरं टेकून गिरिजा बसली होती. माझ्याकडं बघताच ती खुर्चीतून ताडकन उठली. खुर्ची पुन्हा कुरकुरली.

“सॉरी हं,” ती म्हणाली. “मी नुसती उंची बघत होते, टेबलाची. तुम्ही एकदम सांगायला लागलात, मग मी पण...”

ती गोरीमोरी झाली होती. मला तिचा राग आला नाही. मला माझा नवरा हवा होता. ज्या दिवशी त्यांना घरी आणलं त्या दिवशीही ते मला इतके हवे झाले नसतील. मी पडदा मुठीत धरला आणि त्याची एक कडी वरच्या सळईतून निसटून खाली पडली. गिरिजानं ती उचलून टेबलावर ठेवली.

“आणते,” मी म्हटलं.

मागं येऊन मी रत्नाला हाताला धरून उठवलं. “चल. पुढं बोलावलंय.”

“पुढं?” बाळाक्का दचकली. “पुढल्या खोलीत? बापय माणसं असतील की, बाई!”

“कुणी नाही. डॉक्टर बाई आहे.”

“बाई हाय? डॉक्टर?” तिनं एकदा माझ्याकडं, एकदा आत्याबाईंकडं पाहिलं. मग सुनेच्या पाठीवर हात ठेवला. “मग चल की गं, बसलीस काय!”

दोघी माझ्यासमोरून गेल्या. एका बाजूनं सुटलेला पडदा त्यांच्यामागं तिरका पडला. आणि मी अलीकडं राहिले, माजघरात, रिकाम्या हातांनी. आत पेशंट असून त्या दाराशी मला काम नव्हतं, असं पहिल्यांदाच झालं.

आतून रत्नाचा आवाज येऊ लागला. माझ्यासमोर एक-दोन शब्दांच्या पलीकडं न गेलेली ती पोरगी बोलत होती. आग कधी सुरू झाली, पहिल्यांदा लाजेनं कुणाला सांगितलं नाही, रात्री उठायला लागू नये म्हणून पाणी पिणं कमी केलं, सगळं. गिरिजा मधून मधून “हं” म्हणत होती. मला कधीच न सांगितलेल्या गोष्टी माझ्याच घरात, चार पावलांवर, कुणी तरी कुणाला तरी थेट सांगत होतं.

आत्याबाई चहाचे कप घेऊन माझ्या शेजारी आल्या. “तू ने,” त्या म्हणाल्या.

“तुम्ही न्या.”

त्याही गेल्या नाहीत. आम्ही दोघी तिथंच उभ्या राहिलो. आत गिरिजा विचारत होती, “आधी कधी असं झालं होतं? लग्नाआधी?”

“प्रताप असाच इचारायचा, नव्हं?” आत्याबाई हळूच म्हणाल्या.

“हो.”

“असाच. एकाम्हागं एक.”

“हो.”

चहावर साय धरली. आत्याबाईंच्या डोळ्यांतलं पाणी गालावर आलं, पण दोन्ही हातांत कप असल्यामुळं त्यांना ते पुसता येईना. मी माझ्या पदरानं पुसलं.

गिरिजानं रत्नाला त्याच दिवशी गडहिंग्लजच्या दवाखान्यात दाखल व्हायला सांगितलं. किडनीपर्यंत गेलंय, घरी ठेवून चालणार नाही, पोटातल्या बाळालाही धोका आहे, असं तिनं बाळाक्काला समोर बसवून समजावलं. आमच्या फोनवरून तिथल्या ओळखीच्या डॉक्टरांशी बोलली. आणि मी ‘गडहिंग्लजला दाखवा’ म्हटलं की ‘व्हय’ म्हणून घरी जाणारी बाळाक्का मिरच्यांचं पोतं आमच्या परसात टाकून दुपारच्या गाडीनं सुनेला घेऊन गेली. पुढं श्रावण महिन्यात रत्नाला मुलगी झाली, ते मला नंतर कळलं.

जाताना गिरिजा कट्ट्यापाशी थांबली. “काका, घाई नाही. विचार करून कळवा,” असं तात्यांना म्हणाली. मग माझ्याकडं वळली. “तुम्ही कुठं शिकलात, ताई? पेशंटची हिस्टरी इतकी नीट आमच्या कॉलेजातपण कुणी सांगायचं नाही.”

“घरीच,” मी म्हटलं.

स्कूटी वळणावरून दिसेनाशी झाली तसे तात्या म्हणाले, “मी तिला नाही म्हणून कळवतो. तू काळजी करू नको.”

मी त्यांच्या शेजारी बसले. “हो म्हणून कळवा.”

“काय बोलतेस? मग तू शिकतेस कशाला?”

बाजारातून परतणारी माणसं पिशव्या घेऊन समोरून जात होती. एक-दोघांनी दवाखान्याचं उघडं दार बघून आत डोकावलं.

“तात्या, मघाशी मी पडद्यापाशी गेले आणि ‘अहो’ म्हटलं.”

त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही.

“मला वाटत होतं, खोली आहे तशी ठेवली, की एक दिवस आतून कुणी तरी ‘ताप?’ म्हणून विचारेल. आज विचारलं. ते नव्हते.”

तात्यांनी हातातल्या पेन्सिलीचं टोक बोटावर दाबून बघितलं.

“प्रताप एकक विसरायचा,” ते म्हणाले. “कप्पीच्या गणितात हमखास. उत्तर बरोबर, एकक नाही. मी ओरडायचो, दोन काय, आंबे?” ते थांबले. “तुझी कप्पी कधीच पक्की झालीय, माला. महिना झाला. तरी मी रोज तीच घालतो तुला. मला ‘एकक?’ म्हणायला मिळतं.”

मी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. सून सासऱ्याच्या गुडघ्यावर हात ठेवते, हे आमच्या आळीत कुणी पाहिलं असतं तर चर्चा झाली असती. पण त्या दिवशी मला आळीचं भान नव्हतं.

“मग पुस्तकं बांधून ठेवायची?” थोड्या वेळानं त्यांनी विचारलं. लहान मुलासारखं, भीत भीत विचारलं.

मी खरंच विचार केला. खोली नव्हती, खुर्ची नव्हती, वाटेच्या टोकाशी काही नव्हतं. उरलं काय होतं? मूठ आपटल्यावर वाकलेली रत्नाची पाठ. उजवी बाजू दुखतेय एवढं मला कळलं होतं. किडनीपर्यंत गेलंय, हे त्या पंचविशीच्या पोरीला कळलं होतं.

“नाही,” मी म्हटलं. “परीक्षेला बसते. मला पुढचं कळायला हवंय.”

तात्यांनी धोतराच्या सोग्यानं नाक पुसलं. “मग ऊठ. कप्पी बास झाली. आता घर्षण असलेली गणितं घेऊ.”

त्या उन्हाळ्यात गिरिजानं दवाखाना सुरू केला. खुर्चीत तेल तिनं पहिल्याच आठवड्यात घातलं. बायका पुढच्या दारानं जायला लागल्या, म्हणून पडदा काढला, आणि आत्याबाईंनी त्याची दोन पायपुसणी शिवली. मागलं दार आता फक्त भांडी घासायला येणाऱ्या बाईपुरतं उघडतं. माझा पहिल्या वर्षी नंबर लागला नाही. तात्या म्हणाले, “प्रतापचा तरी कुठं लागला होता पहिल्यांदा,” आणि पुन्हा पेन्सिलीला टोक केलं. दुसऱ्या वर्षी लागला.

आता मी कोकणातल्या एका सरकारी दवाखान्यात आहे. केस पांढरे झालेत, लोक ‘मॅडम’ म्हणतात. गावी गेले की अजून ‘डॉक्टरीणबाई’च म्हणतात, त्यात फरक पडला नाही. माझ्या टेबलासमोर बायका थेट येऊन बसतात आणि मी विचारते. कितवा महिना, ताप, थंडी, कंबर, उलटी, त्याच ओळीनं. उत्तर मला माहीत असतं. बहुतेक वेळा पहिल्या तीन प्रश्नांतच कळलेलं असतं.

तरीही विचारून संपलं की मी खुर्चीतून अर्धी उठते.

इतकी वर्षं झाली, पण ते जात नाही. हात टेबलाच्या कडेवर टेकतो, पाय दाराकडं वळतो, आणि मग मी तशीच थांबते. आमच्या सिस्टरला सवय झालीय. सुरुवातीला ती विचारायची, “मॅडम, काही हवंय का?” मी म्हणायचे, पाय अवघडलाय.

मला उठलेली बघून समोरची बाईही उठते. तिला वाटतं, झालं. ती पदर सावरून मागं बघायला लागते.

“बसा, बसा,” मी म्हणते. आणि मीही बसते.